हिरडाबांधची कडूबोडी

हिरडाबांध तलावाच्या पाळीवर उभे राहिले की दोन तऱ्हेचे पाणी दिसते. समोर मोठा तलाव. काठाजवळ त्याचा तळ स्पष्ट दिसतो. पाण्याखालचे गवत वारा नसतानाही हलत असते आणि त्यातून बोटभर लांबीच्या मासळ्या ये-जा करतात. पाळीच्या मागे, उताराला, एक चौकोनी खड्डा आहे. त्यातले पाणी उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखे. त्या खड्ड्याला कडूबोडी म्हणतात. बोडी म्हणजे लहान तळे. तिच्याजवळ म्हशीसुद्धा जात नाहीत.

हिवाळ्यात पक्षी बघायला पाहुणे येतात. त्यांना तलाव आवडतो, पण प्रश्न मात्र ते कडूबोडीबद्दल विचारतात, आणि तेही नाकाला रुमाल लावून. त्यांना उत्तर द्यायला लटारूजी मेश्राम पाळीवरच्या दगडावर बसलेले असतात. पंचाहत्तरी ओलांडली, तरी मांडीवर सनाची, म्हणजे तागाची, दोरी वळण्याचे त्यांचे काम थांबत नाही.

"नाक धरा जी, काही हरकत नाही," ते म्हणतात. "पन ते डबकं सडकं आहे म्हनून हा तलाव असा आहे. ऐकाल तर सांगतो."

ही गोष्ट किती जुनी ते कोणालाच ठाऊक नाही. लटारूजींच्या आजोबांनी ती आपल्या आजीकडून ऐकली होती, असे सांगतात.

त्या काळी हिरडाबांधच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, जाळी पळसाच्या मुळांपासून काढलेल्या वाखाची असत. ती जड असत आणि एका पावसाळ्यात कुजत. मोठी रोहू एका झटक्यात भोक पाडून निघून जाई आणि माणसे फाटके जाळे हातात धरून बसत. अशा गावात कौतिका सून म्हणून आली. तिचे माहेर वैनगंगेच्या काठचे. लुगड्यांच्या गाठोड्यात तिने पायलीभर सनाचे बी बांधून आणले होते. गावातल्या बायांना त्याचे फार हसू आले.

"सोनं नाही आनलं, बी आनलं," शेजारची भागरता म्हणाली. "आता सासरा हिच्या गळ्यात बियांचीच माळ घालते वाटते."

कौतिका मुळातच कमी बोलणारी होती. पाण्याला गेली की घागर भरेपर्यंत काठावर उकिडवी बसून पाण्यात बघत राहायची. कोणती मासळी गवताच्या कोणत्या बाजूला थांबते, गोगलगाय पानाच्या खालून चालते की वरून, हे तिला ठाऊक असे. पण ते कोणाला सांगावे, असे तिला कधी वाटले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

पावसाळ्यात तिने परसात सन पेरला. आश्विनात कापला, वाख काढला, सूत वळले आणि नवऱ्याला, मानिकला, एक जाळे विणून दिले. त्या जाळ्यात आलेली रोहू दोन माणसांनी उचलून आणली म्हणे. सासरे सुकाजी ढिवरांचे म्होरके होते. त्यांनी जाळे दोन्ही हातांनी ताणून पाहिले, दातांनी ओढून पाहिले आणि म्हणाले, "पुढच्या साली साऱ्यायच्या घरी हेच पेरायचं."

सनाचा वाख असा सुटा मिळत नाही. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून सडवाव्या लागतात. वरचा चिकट भाग कुजून गेला की मग धागे मोकळे होतात. एका घराच्या पेंढ्या कौतिकाने परसातल्या टाक्यात सडवल्या होत्या. पण चाळीस घरांच्या पेंढ्या कुठे घालायच्या? सुकाजींनी सुनेला विचारले, "बाई, तुमच्याकडं कुठं घालते?"

"नदीत घालतो, मामाजी," ती म्हणाली. "दगडं ठेवून बुडवतो. सड सारी पानी घेऊन जाते."

मग चाळीस घरांच्या पेंढ्या तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात बुडवल्या गेल्या. वर दगड ठेवले. आठ दिवसांनी तिथले पाणी काळे झाले, वास सुटला आणि वाख मात्र चांदीसारखा निघाला. सगळे खूश झाले. पुढच्या साली पेंढ्या दुप्पट झाल्या.

पहिली दोन वर्षे मासळी उलट जास्तच मिळाली, कारण जाळी फाटेनाशी झाली होती. गावात लग्ने थाटात झाली. त्यामुळे उगवतीच्या कोपऱ्यातले पाण्याखालचे गवत नाहीसे झाले, हे कोणी मनावर घेतले नाही. काळ्या पाण्यातून ऊन खाली पोचत नव्हते, मग गवत जगणार कसे? पण गवत काही माणसे खात नाहीत. जे कोणी खात नाही ते गेलेले कोणाला कळले नाही. कौतिकाला ते दिसले होते. पण भरल्या घरात सासऱ्यांसमोर गवताची गोष्ट काय काढायची, असे तिला वाटले. पुढे जन्मभर ती म्हणे, त्या दिवशी बोलले असते तर.

तिसऱ्या वर्षी काळे पाणी कोपऱ्यातून मधोमध आले. गवतावर राहणाऱ्या गोगलगायी गेल्या, झिंगे गेले. त्यांच्यावर जगणारी बारीक मासळी पांढरे पोट वर करून काठाला लागली. दर हिवाळ्यात घोंगल्याफोड्या पक्ष्यांचे थवे येत. चोचीत फट असलेला हा मोठा पांढरा पक्षी फक्त गोगलगायींसाठीच येतो. त्या वर्षी थवा आला, तलावावर एक फेरी मारली आणि न उतरताच निघून गेला.

तरीही म्हातारी माणसे म्हणत, "मरळ आहे ना अजून? मरळ आहे तवरी तलाव आहे."

मरळ होती खरी. हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, म्हणून घाणेरड्या पाण्यातही तो टिकून राहतो. पण एके दिवशी मरळ साफ करताना कौतिकाचा हात थांबला. माशाचे डोके मोठे आणि अंग दोरीसारखे बारीक. पोट फाडले तर आत काहीच नव्हते, फक्त चिमूटभर काळा चिखल.

"आत्याबाई," तिने सासूला हाक मारली, "ही उपाशी होती."

सासूने पाहिले आणि उगाच पदर डोक्यावरून पुढे ओढला.

त्या उन्हाळ्यात मरळही संपली. सुकाजींनी दोनदा कावडीने दुसऱ्या तलावातून रोहूचे बीज आणून सोडले. पहिल्या वेळी ते दुपारपर्यंत मेले. दुसऱ्या वेळी पावसाच्या नव्या पाण्यात महिनाभर जगले आणि मग एकेक करून वर आले, सगळेच बारीक. घराघरांत चुली थंड पडायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर सभा बसली.

"ते नदीकडची आली तवापासूनच हे लागलं," भागरता म्हणाली. ती मनाने वाईट नव्हती, पण तिच्या घरी सहा तोंडे खाणारी होती. "आमी काय पळसाच्या जाळ्यानं उपाशी मरत होतो?"

कोणी तिला अडवले नाही. मानिक जमिनीकडे बघत बसला. शेवटी सुकाजींनी निवाडा दिला. येत्या पावसाळ्यानंतर, दिवाळीपर्यंत तलावात जीव आला नाही तर गावाने उठायचे आणि दुसऱ्यांच्या तलावांवर मजुरी धरायची. आणि कौतिकाने माहेरी परत जायचे, ते कायमचे. हे बोलताना सुकाजी सुनेकडे बघत नव्हते, असे सांगतात. पण ते म्होरके होते आणि ती त्यांचीच सून होती, म्हणून त्यांना दुसरे काही बोलता येईना.

तेव्हा कौतिका उभी राहिली. इतक्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मामाजी, मासळी सोडू नका आता. तिला इथं खायला नाही. जे पहिले गेलं ते पहिले आनावं लागते. गवत आनावं लागते."

सभेत हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग तिने नवस बोलला. घोंगल्याफोड्या या तलावात उतरून पोटभर जेवत नाही, तोवर मी मासळी तोंडात घालणार नाही. ढिवराच्या लेकीने असा नवस बोलणे म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळले. हसणे तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी ती फावडे घेऊन पाळीच्या मागच्या उतारावर गेली आणि खणू लागली. सन तर लागणारच होता. फक्त त्याची सड परत तलावात येता कामा नये. दुपारपर्यंत ती एकटी खणत होती. मग मानिक आला, तिच्या हातातून फावडे घेतले आणि खणू लागला. तो आला याचाच तिला मोठा आधार वाटला. दोघांनी मिळून बारा दिवसांत खड्डा पुरा केला. उगवतीच्या कोपऱ्यातल्या कुजक्या पेंढ्या आणि खालचा काळा गाळ टोपल्यांनी वाहून त्यांनी त्यात आणून टाकला. तीच ही कडूबोडी.

मग ती आजूबाजूच्या तलावांवर गवत मागायला निघाली. लोक म्हणत, "मागायचंच तर मासे माग ना बाप्पा. गवत कोनी मागते काय?" ती म्हणे, "मासे तुमच्याच पोराबाळायले राहू द्या. मले चिला द्या." चिला म्हणजे पाण्याखाली वाढणारे हिरवे लांब गवत. मुळाशी चिखल तसाच ठेवून, ओल्या पळसपानांत गुंडाळून ती तो डोक्यावरून आणी आणि तलावात लावी.

पहिली लावणी मेली. तिने ती उगवतीच्या कोपऱ्यातच केली होती, कारण चूक तिथे झाली होती. जिथे बिघडले तिथूनच सुधारावे असे तिला वाटले. पण तिथल्या पाण्यात अजून विष होते. आठ दिवसांत पाने काळी पडली. त्या दिवशी ती पाळीवर बसून रडली म्हणतात. मग डोळे पुसून तिने तलावाला एक पूर्ण फेरी घातली आणि पाहिले की मावळतीला, जिथून पावसाचे पाणी जंगलातून आत येते, तिथे पाणी थोडे निवळ आहे. पुढची लावणी तिने तिथे केली. म्हशी येऊन खाऊ नयेत म्हणून काठी घेऊन दिवसभर उभी राहिली.

पाऊस लागला. श्रावणातल्या एका सकाळी ऊन पडले असताना ती मांडीभर पाण्यात उभी होती. लावलेला चिला बोटभर वाढला होता. त्याच्या प्रत्येक पानावर मोहरीएवढे बुडबुडे चिकटले होते. एकेक बुडबुडा सुटून वर येई आणि फुटे. उगवतीच्या काळ्या पाण्यातही बुडबुडे येत, पण ते मोठे, आणि फुटले की वास सुटे. यांना वास नव्हता. तिने ओंजळभर पाणी नाकाशी नेऊन परत परत हुंगून पाहिले. मग एक पान हळूच उलटे केले. पानाच्या खाली पारदर्शक चिकट ठिपका होता आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे दाणे. गोगलगायीची अंडी. ती तिने आणली नव्हती. गवताबरोबर आपोआप आली होती.

ती धावत घरी गेली नाही. अंडी फुटेपर्यंत तिने कोणाला सांगितले नाही.

पोळ्याला गावातल्या बाया माहेरी गेल्या. परत आल्या तेव्हा भागरतेच्या डोक्यावर पळसपानांचे मोठे ओले गाठोडे होते. ती सरळ मावळतीच्या काठाला आली आणि गाठोडे कौतिकाच्या पुढ्यात ठेवले.

"घे. आमच्या माहेरचं आहे. तुमच्या नदीकडच्यापेक्षा गवतबी बरं निघते आमचं."

"लावू लागा ना मंग," कौतिका म्हणाली.

"लावतो. पन कंबर दुखली तर तूच चोळशील."

भागरता पाण्यात उतरली. तिला पाहून आणखी चौघी उतरल्या. त्यानंतर जी बाई माहेरी जाई, ती तिकडच्या पाण्यातले मूठभर काहीतरी घेऊन येई. कोणी चिला आणला, कोणी देवधानाची, म्हणजे रानभाताची, रोपे, कोणी कमळाचे कंद. गावातल्या बाया सोळा-सतरा गावांतून आलेल्या होत्या. त्यामुळे सोळा-सतरा तलावांचा जीव थोडा थोडा हिरडाबांधात आला.

दिवाळी आली. पाणी पुष्कळ निवळले होते, पण जाळे टाकावे अशी मासळी अजून नव्हती आणि पक्ष्याचा पत्ता नव्हता. ठरल्याप्रमाणे पाळीवर माणसे जमली. कौतिकाने आपले गाठोडे बांधून आणले होते. मानिकनेही आपले बांधले होते आणि तिच्या गाठोड्याशेजारी ठेवले होते. सुकाजींनी दोन्ही गाठोडी पाहिली. मग ते उठले, धोतर वर खोचले आणि मावळतीच्या बाजूने तलावात उतरले.

सुकाजींना डोळ्यांनी कमी दिसू लागले होते. पण त्यांचे पाय त्या तलावात साठ वर्षे वावरले होते. ते दहा पावले गेले आणि थांबले. एक पाय उचलला, दुसरीकडे ठेवायला गेले, परत उचलला. बराच वेळ ते तसेच बगळ्यासारखे एका पायावर उभे. लोकांना वाटले, काटा रुतला.

"काय झालं, मामाजी?" कौतिकाने विचारले.

"पाय ठेवाले जागा नाही बाई," सुकाजी म्हणाले. "खाली साऱ्या गोगलगायी आहेत."

ते तिथेच उभे राहून रडले, असे सांगतात. बाहेर आल्यावर त्यांनी दोन्ही गाठोडी स्वतःच्या हाताने सोडली.

पक्षी त्याच दिवशी उतरला असे गावातले काहीजण सांगतात. आकाश पांढरे झाले आणि पाच हजार घोंगल्याफोडे एकदम खाली आले म्हणे. लटारूजी मात्र तसे सांगत नाहीत. "पक्ष्याले दिवाळी काय ठाऊक?" ते म्हणतात. "माघात आला तो. पहिले एकच आला. दिवसभर खाल्लं आन् गेला. चवथ्या दिवशी सारं खटलं घेऊन आला." तोवर कौतिका मासळीशिवाय राहिली, आणि सुकाजींनीही मासळी खाल्ली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात नाल्यांतून बारीक मासळी चढून आली. तिच्यामागे मोठी आली. त्या साली पहिले जाळे कौतिकाने टाकले.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर सुकाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक सुनेची नव्हती. तिनं नदी सांगितली, मी तलाव ऐकला. तुमचं पानी वाहते का बसते, एवढंच विचारायचं होतं. मी नाही विचारलं. आता हे घरात येनाऱ्या हरेक सुनेले विचारत जा."

तेव्हापासूनची ही रीत. हिरडाबांधात नवरी आली की तिला आधी घरी नेत नाहीत, पाळीवर आणतात. सासू विचारते, "तुमच्या गावचं पानी वाहते का बसते?" नवरीने खरे काय ते सांगायचे. मग सासू तिचा हात धरून तो तलावात बुडवते आणि म्हणते, "आमचं बसते. ते कुठं जात नाही. तू टाकशील ते इथंच राहीन." त्यानंतर नवरी माहेरून आणलेले मूठभर गवत त्या पाण्यात लावते. मगच उंबरठा ओलांडते.

आता जाळी नायलॉनची झाली. पण बैलांच्या दाव्यांसाठी थोडा सन आजही पेरतात आणि तो कडूबोडीतच सडवतात. साबण लावून कपडे धुवायचे तर बायाही पाळीच्या मागेच जातात. कोणी पाहुणा तलावात हात धुवायला लागला तर लटारूजी दोरी वळता वळता नुसते खाकरतात.

गेल्या वैशाखात लटारूजींच्या नातवाचे लग्न झाले. नवरी नागपूरची, अश्विनी. पाळीवर तिला रीतसर प्रश्न विचारला गेला. ती गोंधळली.

"आमच्याकडे नळाला येतं पाणी," ती म्हणाली.

बायांनी एकमेकींकडे पाहिले. असे उत्तर आजवर कोणी दिले नव्हते. हात बुडवायचा की थांबायचे, तेच सासूला कळेना. तेवढ्यात मागून एका म्हातारीने विचारले, "आन् वापरून झाल्यावर कुठं जाते मंग ते?"

अश्विनीने खूप विचार केला. मोरीची जाळी तिला आठवली. त्याच्या पुढचे काही आठवेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

कोणी हसले नाही. सासूने तिचा हात धरून पाण्यात बुडवला आणि नेहमीचेच शब्द म्हटले. लावायला नवरीकडे गवत नव्हते. म्हणून सासूने आपल्याच तलावातला चिला उपटून तिच्या हातात दिला आणि तिने तो हिरव्या बांगड्या भिजवत नीट लावला. मग तिने ओला हात पदराला पुसला, मैत्रिणीकडून आपला फोन मागून घेतला आणि सगळी वरात खोळंबली असताना नागपूरला वडिलांना फोन लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या घरातलं पाणी कुठं जातं?"

पलीकडून वडील म्हणाले की उद्या विचारून सांगतो.